सोसायटी ग्रुप, फोंडा: वर चढवायचे पाचशे

ए-302 नेहा: नमस्कार. गेल्या आठवड्यात बी विंगमध्ये फ्रिज आला तेव्हा वर चढवायचे पाचशे कुणी दिले? आज आमचं वॉशिंग मशीन आलं तर टेम्पोवाली पोरं खाली पॅसेजमध्येच ठेवून उभी, म्हणतात त्या बाजूच्या मॅडमनी दिले, तुम्ही पण द्या. दुकानात फ्री होम डिलिव्हरी सांगितलेलं. गणपतीची चवथ तोंडावर आलीय, घरात शंभर कामं, आणि इथे घासाघीस करत उभं राहायचं!!

बी-401: मी दिले. चौथा मजला, लिफ्ट बंद. त्यात काय झालं?

ए-101 काका: बिलात लिहिलंय तेवढंच द्यायचं. एक रुपया जास्त नाही.

नेहा: वहिनी, तुम्ही स्वखुशीने दिले हो, पण पायंडा पडतो ना. मग बाकीच्यांना नाही म्हणायची चोरी.

सी-203 प्रसाद: पायंडा लिफ्टने पाडलाय. सेक्रेटरीभाई, लिफ्ट कधी?

सेक्रेटरी: पार्ट यायचाय. ज्यांचा मेंटेनन्स थकलाय त्यांनी हा विषय काढू नये 🙏

प्रसाद: हे कुणाला?

सेक्रेटरी: ज्याला लागलं त्याला.

बी-104 काकू: भांडू नका रे, सण आलाय. आमच्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, मी चवथीला पातोळ्या आणि थोडे पैसे देते, तो कधी मागत नाही. मागितलं की देणाऱ्याचं मन उतरतं, खरं सांगते.

ए-101 काका: पोदेर वेगळा. बिलात लिहिलंय तेवढंच. आणि टिपची सक्ती कोर्टानेच बंद केलीय, पेपरात आलेलं.

सी-301 वकील: काका, ते हॉटेलच्या सर्व्हिस चार्जचं. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम काढले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते कायम ठेवले. घरी आलेल्या माणसाला आपणहून द्यायला कुणाची बंदी नाही. मे 2025 मध्ये टॅक्सीच्या अ‍ॅपवर गाडी यायच्या आधीच टिप मागतात त्यावर याच प्राधिकरणाने नोटीस काढली. मुद्दा एवढाच, टिप काम झाल्यावर आणि खुशीने.

बी-204: मग सिलिंडरवाला दरवेळी वरचे मागतो त्याचं काय?

वकील: पावतीवरच्या दरात घरपोच आणून देणं धरलेलं असतं. तो हक्काने मागू शकत नाही, तुम्हाला द्यायचे तर द्या.

ए-101 काका: हेच तर मी सांगतोय. बिलात लिहिलंय तेवढंच.

बी-401: काका, त्या दिवशी तुम्ही गॅलरीतून बघत होता ना? पाऊस, जिना ओला, एकाच्या चपलेचा पट्टा तुटला तर पोरगा अनवाणी, खांद्यावर टॉवेलाची घडी आणि त्यावर फ्रिज उचलायचा पट्टा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर फ्रिज आडवा करता येईना, पायऱ्यांवर तसाच पेलून धरला त्यांनी. पाणी दिलं तर आधी हात पुसले मग ग्लास घेतला. मी बिल बघत बसू?

बी-104 काकू: देव बरें करूं गो बाय.

ए-204: सगळं बरोबर, पण जिन्यातला थर्माकोल आणि खोका कुणाचा? चार दिवस पडलाय.

बी-401: उचलते.

प्रसाद: मी मडगावला शोरूममध्ये काम केलंय म्हणून सांगतो. आणायला येतात ती दुकानाची नाहीतर ट्रान्सपोर्टची पोरं, बसवायला येतो तो कंपनीच्या सर्व्हिसचा, बरेचदा फ्रँचायझीकडून आलेला, तिथे कितीतरी जणांना कॉलमागे पैसे मिळतात, आपण दारात तासभर थांबवलं की त्याचा पुढचा कॉल गेला. त्यामुळे हमाली, जादा सामान आणि टिप हे तीन हिशेब वेगळे ठेवा. हमाली दुकानातच ठरवायची, लिफ्ट नाही, तिसरा मजला, वर चढवून देणार का, हो म्हटलं की बिलावर लिहून घ्यायचं, मग खाली कुणी अडवलं तर दुकानाला फोन. एसी असेल तर कॉपर पाईप किटपेक्षा जास्त लागला तर त्याचे पैसे, आऊटडोअरचा स्टँड वेगळा, हे रेट कार्ड बघून द्यायचं आणि पावती घ्यायची, त्याच्या खासगी नंबरवर पाठवले तर उद्या तक्रार कशाच्या जोरावर करणार? आणि टिप ज्याची त्याची. ग्रुपवर रेट ठरवू नका मरे, ठरवला की ती पण हमालीच.

सेक्रेटरी: बरोबर बोललास. मेंटेनन्सचं पण बघ.

प्रसाद: भाई, ऑनलाइन भरलाय, स्क्रीनशॉट पर्सनलवर टाकतो. लिफ्टचं उत्तर मात्र इथेच द्या.

ए-101 काका: बिलात लिहिलंय तेवढंच.

बी-204: काका वाचलं हो सगळ्यांनी 😄

नेहा: आमच्या बिलावर होम डिलिव्हरी एवढंच लिहिलंय, मजला नाही. म्हणजे दुकानाने मला फ्री सांगितलं आणि ओझं पोरांच्या खांद्यावर टाकलं. दुकानदाराला आत्ता फोन करते.

प्रसाद: कर. आणि फ्रंट लोड असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे वाहतुकीपुरते लावलेले, काढल्याशिवाय मशीन चालू करू नको, स्पिनला घरभर नाचेल. बोल्ट जपून ठेव, घर बदलताना लागतात.

नेहा: बोलले दुकानात. वर चढवायचे पैसे ते पोरांना देणार, मला व्हॉट्सअ‍ॅपवर तसं लिहून पाठवलंय. बसवायला उद्या सकाळी येणार. त्याला चहा देईन, काम झाल्यावर काय द्यायचं ते माझं मी बघेन. सेक्रेटरीभाई, लिफ्टच्या पार्टची तारीख?

सेक्रेटरी: विचारून सांगतो.