अनुभव धागा: काय उभं करायचंय ते कधी दिसलं, आणि मग पहिलं काय केलंत?

तलावपाळी (धागाकर्ती), ठाणे पूर्व

ठाणे-नवी मुंबईकरांनो, हा धागा तुमच्यासाठी. सकाळची गाडी, ऑफिस, मुलांच्या शाळा, हप्ते यांतून वर मान काढून 'मला नेमकं काय उभं करायचंय' असा विचार तुम्ही कधी केला असेल, आणि त्यापुढे एखादं पाऊल टाकलं असेल, तर इथे लिहा. ध्येयाच्या व्याख्या नकोत. चित्र कधी दिसलं आणि त्या आठवड्यात हातून काय घडलं ते हवंय. पैशाचं, वेळेचं, घरच्यांचं काय झालं तेही लिहा, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

माझ्यापासून सुरुवात करते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली वि. ल. भावे यांनी काढलं, तेव्हा त्यांनी बाविशीही ओलांडलेली नव्हती. कॉलेजात असताना हे कळलं आणि मनात घर करून बसलं. पुढे कोपरीत राहायला आले. आमच्या सोसायटीत वॉचमनची, घरकामाला येणाऱ्या बायकांची मुलं जिन्यात बसून अभ्यास करायची. त्यांच्यासाठी एक उजेडाची खोली, एवढंच मला हवं होतं. सोसायटीचं ऑफिस संध्याकाळी बंदच असतं, म्हणून किल्ली मागितली. कमिटीने विचारलं, विजेचं बिल कोण भरणार? म्हटलं, मी भरते. पुढच्या उन्हाळ्यात त्याच कमिटीने स्वतःहून दुसरा पंखा बसवून दिला. आता खोलीत दोन कपाटं पुस्तकं आहेत आणि परीक्षेच्या दिवसांत बसायला जागा पुरत नाही.

आता तुम्ही लिहा.

खाडीकाठचा, ऐरोली

आम्ही दिवा कोळीवाड्यातले. आजोबा, बाबा, काका सगळे खाडीत जाळं टाकायचे. लहानपणी घरात जिताडा, बोईट, निवट्या, चिंबोऱ्या यांना तोटा नव्हता. मी कळता होईतो जाळ्यात मासा कमी आणि प्लास्टिक जास्त यायला लागलं. बाबांनी मला होडीवरून उतरवलं आणि महापेच्या एका कंपनीत चिकटवलं.

पगार वेळेवर व्हायचा, तक्रार काही नव्हती. पण कँटीनमध्ये कोणी 'ती घाणेरडी खाडी' म्हणालं की घास उतरायचा नाही. २०१५ साली खाडीचा पश्चिमेकडचा भाग रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पुढे ऐरोलीला वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र उभं राहिलं आणि पक्षी दाखवायला बोटी सुटू लागल्या. एका रविवारी मीही तिकीट काढून बसलो. शेजारचे एक आजोबा हिरमुसले होते, पक्षी इतके लांब का म्हणून. मी सांगितलं, आत्ता ओहोटी आहे, चिखल उघडा पडलाय, त्यांचं खाणं सगळं त्या चिखलात, म्हणून ते पांगलेत. पाणी चढू लागलं की ते हळूहळू काठाकडे सरकतील. बोलता बोलता बघतो तर अख्खी बोट माझ्याकडे वळून ऐकत होती. तेव्हा मला लख्ख दिसलं: बाबांना हे पाणी जसं वाचता येतं, तसं ते मला लोकांना वाचून दाखवायचंय.

नोकरी सोडली नाही. बहिणीचं लग्न व्हायचं होतं. मी एक वही आणली आणि रात्री जेवणानंतर बाबांपुढे बसू लागलो. बाबा भरतीची वेळ मोबाईलवर बघत नाहीत. ते तिथीचं पाऊणपट करतात. अष्टमी असली तर आठाचं पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला पंधराचं पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत जितकं आत जावं तितकं पाणी मागाहून चढतं, तो उशीर ज्याने त्याने आपल्या जागेप्रमाणे धरायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फार हालत नाही. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण कागदावर मांडलं तेव्हा ते दुसऱ्याला सांगण्याजोगं झालं.

पक्षी मात्र नव्याने शिकावे लागले. शेकाट्या, उचाट्या, तुतवार, चित्रबलाक. मोठा रोहित फिकट आणि उंच, त्याची चोच गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. छोट्या रोहितची चोच गडद, लांबून काळीच दिसते. दुर्बिणीशिवाय हा फरक ओळखायला अख्खा एक हंगाम गेला. सुरुवातीला ओळखीच्या लोकांना काठावरून फुकट दाखवायचो. मग एका शाळेने बोलावलं, तिच्याकडून दुसरीला कळलं. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला तेव्हा कँटीनमधल्या त्याच मंडळींनी मला घेऊन चल म्हणून गळ घातली.

आता आठवडाभर कंपनी आणि सुट्टीला खाडी. पुढचं चित्रही ठरलंय: आमच्या कोळीवाड्यातली पोरंच इथे मार्गदर्शक असावीत. दोन भाचे तयार होतायत. बाबा त्यांना एवढंच सांगतात, "आधी पानी बग, मंग बोल."

तलावपाळी

तुमच्या बाबांची ती वही छापायला हवी, मनापासून सांगते. असं ज्ञान घरातल्या घरात विरून जातं.

पोळीवाली ताई, कोपरखैरणे

मिस्टरांची कंपनी बंद पडली म्हणून मी डबे सुरू केले. ते पोटासाठी होतं. चित्र दिसलं नंतर, आमच्या माथाडी वसाहतीतल्या बायकांकडे बघून. हाताला चव आहे, दुपार मोकळी आहे, पण स्वतःच्या कमाईचा रुपया हातात नाही. मला वाटलं, एक गाळा असावा, या सगळ्या तिथे पगारावर असाव्यात.

पहिलं काम हिशेबाचं केलं. किलोभर पिठात आमच्या मापाच्या तीस-पस्तीस पोळ्या होतात. पीठ, तेल, गॅस मांडलं आणि पहिल्यांदाच स्वतःची मजुरीही धरली. तेव्हा कळलं की पोळीचा दर वाढवल्याशिवाय दुसरीला पगार देता येणारच नाही. दर वाढवला. काही गिऱ्हाइकं गेली, बाकीची राहिली. अन्नसुरक्षेची नोंदणी केली. मी केली तेव्हा वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असली तर छोटी नोंदणी पुरायची आणि वर्षाला १०० रुपये फी होती. ती हातात आल्यावर ऑफिसांच्या ऑर्डरी मिळू लागल्या. बचत गटातून कर्ज उचललं आणि गाळा भाड्याने घेतला. आता आम्ही सहाजणी आहोत. त्यातल्या एकीने सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचं ठरवलंय. तिला परीक्षेच्या आधी सुट्टी द्यायची हे आम्ही आत्ताच ठरवून टाकलंय.

गंधार, वाशी

ट्रान्सहार्बर सुरू होण्याआधी ठाण्याहून वाशीला कुर्ल्यावरून गाडी बदलून यायचो, तेव्हापासून मनात होतं की गाणं शिकावं. पन्नाशी उलटल्यावर शिकायला लागलो. माझं चित्र अगदी नेमकं होतं: एक राग वीस मिनिटं, चार माणसांसमोर, कागद न बघता.

गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. त्यांच्याच परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय आमच्या वाशीत आहे. म्हणजे रोज ज्या रस्त्याने जायचो तिथेच. प्रारंभिक या त्यांच्या पहिल्या परीक्षेचा फॉर्म भरला. परीक्षेला माझ्या आजूबाजूला सगळी शाळकरी मुलं. एका मुलीने तिचं पाणी मला दिलं आणि म्हणाली, काका, घाबरू नका, सर चांगले आहेत. तिच्या त्या शब्दांनी खरोखर धीर आला.

भूप घेतला होता. त्यात मध्यम आणि निषाद नाहीत, पाचच स्वर, म्हणून सोपा असेल असं लोक म्हणतात. पण गंधार नीट लागला नाही की भूप उभाच राहत नाही. गुरुजींनी कित्येक आठवडे मला फक्त सा आणि ग यांच्यातलं अंतर घोटायला लावलं. सकाळी घरचे उठायच्या आधी तंबोऱ्याचं अॅप लावतो आणि खर्ज लावत बसतो. आता मध्यमा या पुढच्या परीक्षेची तयारी चालू आहे. मागच्या गुरुपौर्णिमेला गुरुजींच्या घरी भूप म्हटला. वीस मिनिटं झाली नाहीत, पण कागद नव्हता.

मनमोकळी, घोडबंदर रोड

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडी भर घालते. गॅब्रिएल ओटिंजन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय की नुसतं सुखाचं चित्र रंगवत बसलं तर मन जणू ते मिळालंच असं मानतं आणि अंगातला जोर ओसरतो. चित्र डोळ्यांसमोर आणायचं आणि लगेच आपल्या वाटेतला खरा अडथळा कोणता तेही बघायचं, हे दोन्ही केलं तर माणूस हलतो. पीटर गोल्विट्झर यांचं काम त्याच्या पुढचं आहे. 'मी व्यायाम करीन' असं म्हणण्यापेक्षा 'जर अमुक घडलं, तर मी तमुक करीन' असा बेत आधीच ठरवला तर तो पार पडण्याची शक्यता वाढते, हे त्यांनी १९९९ च्या लेखात मांडलं.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच वाक्य लिहायला लावते. 'जर ठाण्याला गाडीत बसायला मिळालं, तर मोबाईल न काढता दोन पानं वाचीन.' वर ताईंनी नेमकं हेच केलंय. पगार द्यायच्या आड दर येतोय हे त्यांना दिसलं आणि त्यांनी दर बदलला.

नाव नको, नौपाडा

सगळे छान लिहिताय, पण मला राहवत नाही म्हणून लिहिते. माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. ती रात्री उठून दाराची कडी काढते. मला सकाळी नोकरीवर जायचं असतं. अशा घरात ध्येयाचं कुठे घेऊन बसता? ज्यांच्या पाठीशी वेळ आणि माणसं आहेत त्यांनीच ही चित्रं रंगवावीत.

तलावपाळी

तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. धागा काढताना या बाजूने विचार व्हायला हवा होता, असं वाटलं. तुम्हाला चालत असेल तर एक विचारते. पुढच्या महिन्यात तुमच्या घरात एकच गोष्ट वेगळी व्हावी असं वाटत असेल, तर ती कोणती? उत्तर इथे दिलंच पाहिजे असं नाही.

शोधातली, कळवा

टी.वाय.ला आहे. मला अजून चित्रबित्र दिसलेलं नाही. घरचे म्हणतात स्पर्धा परीक्षा दे. पालिकेच्या चिंतामणराव देशमुख प्रशिक्षण संस्थेत चौकशी करून आले, तिथली मुलं बघून हुरूपही आला. पण तो हुरूप माझा की त्यांचा, ते कळत नाही. कसं ओळखायचं?

खाडीकाठचा, ऐरोली

शोधातली, मला बोटीत कळलं, घरी बसून नाही. अभ्यासिकेत जाऊन महिनाभर त्यांच्यासारखा दिवस काढून बघ. वर्तमानपत्रात पाणीपुरवठ्याची, जमिनीच्या मोबदल्याची बातमी आली की ती शेवटपर्यंत वाचावीशी वाटते का, ते बघ. अधिकाऱ्याचं रोजचं काम तेच असणार.

शोधातली, कळवा

हे मला कोणीच असं सांगितलं नव्हतं. महिनाभराने इथे येऊन लिहिते.

नाव नको, नौपाडा

तलावपाळी, तुमचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. उत्तर असं आलं: आठवड्यातून एक रात्र मला सलग झोप मिळावी. मनमोकळी यांच्या सांगण्याप्रमाणे अडथळाही लिहून काढला. आईला अनोळखी माणसाची भीती वाटते. मग अनोळखी नसलेलं माणूस शोधलं. आमच्याच मजल्यावरच्या एका काकूंच्या यजमानांनाही हाच आजार आहे आणि त्या दोघांना आई जुनी ओळखते. आता गुरुवारी काकू आमच्याकडे झोपायला येतात, आणि रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी थांबते म्हणजे त्यांना बाहेर पडता येतं. दाराला वर, नजरेच्या बाहेर दुसरी कडी लावली. आई खालच्या कडीशी खुडबुड करते आणि परत येऊन झोपते. कडी काकूंना आणि मला दोघींनाही पटकन काढता येते, ते आधी करून बघितलं.

गेल्या गुरुवारी पाच तास सलग झोपले. आता आमच्या दोन घरांच्या जोडीला तिसरं घर मिळालं तर आणखी एक रात्र मोकळी होईल. नौपाडा, चरई, पाचपाखाडी भागात कोणाच्या घरी असं माणूस असेल आणि अशी अदलाबदल करायची तयारी असेल, तर इथे लिहा. मी स्वतः येऊन आधी भेटेन.