विषय: शनिवारी बिली गोट, कोण कोण येतंय?

सहल समिती, सोमवार रात्री

मंडळी, नमस्कार.

येत्या शनिवारी, म्हणजे घड्याळं पुढे करायच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीवरच्या ग्रेट फॉल्सला जातोय. मेरीलँडची बाजू, व्हर्जिनियाची नव्हे (मागच्या वेळी दोन गाड्या पलीकडच्या तीरावर उभ्या राहून हात हलवत होत्या). सकाळी नऊला टॅव्हर्नसमोर, म्हणजे तिथल्या जुन्या खानावळीसमोर, भेटू. आत शिरायला गाडीमागे २० डॉलर पडतात, तेव्हा एकेका गाडीत चौघं-पाच जण या. उशिरा आलात तर पार्किंग मिळणार नाही.

दोन गट करू. एक बिली गोट ट्रेलच्या ‘ए’ भागावर. लांबी १.७ मैल, आकडा वाचून हसू नका. कातळावरून हाता-पायांनी जायचं आहे आणि मध्ये पन्नासेक फुटांचा तिरका कडा चढायचा आहे. वाट वरच्या टोकाकडून खाली अशी एकाच दिशेने करायची, परत यायचं जुन्या चेसापीक-ओहायो कालव्याकाठच्या टो-पाथने, म्हणजे होड्या ओढायच्या वाटेने. सगळं मिळून चारेक मैल, पण तीन तास धरा. दुसरा गट टो-पाथनेच जाईल आणि येईल, अगदी सपाट.

‘ए’ भागावर कुत्रे नेता येत नाहीत. आणि नदीत पाय बुडवायचा नाही, घोट्यापर्यंतसुद्धा नाही. वरून पाणी निवांत दिसतं, खालची ओढ दिसत नाही. या पट्ट्यात आजवर बरीच माणसं बुडून गेली आहेत, त्यातली कित्येक पोहायलाही उतरली नव्हती.

बेथेस्डाचे काका, मंगळवार सकाळी

१.७ मैल! एवढ्यासाठी बूट कशाला बांधायचे? नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसाला पन्नास फुटांची भीती घालू नका. मी येतोय. नेहमीचे कॅनव्हास घालून येईन.

जर्मनटाऊनच्या काकू, मंगळवार दुपारी

माझे गुडघे टो-पाथवाले. तीन प्रश्न आहेत. स्वच्छतागृह कुठे आहे? जेवण एकत्र की आपापला डबा? आणि त्या सपाट वाटेवर बघण्यासारखं काही आहे का, की आम्ही नुसती तुमची पोरं सांभाळायची?

सहल समिती, मंगळवार रात्री

काकू, स्वच्छतागृह टॅव्हर्नपाशी आहे, तिथूनच जाऊन निघा. डबा आपापला, चहा समितीचा.

बघायला पुष्कळ आहे. तुम्ही ज्या वाटेने चालणार ती खेचरांची. ती काठावरून दोर लावून होड्या ओढत. कालव्याचं काम ४ जुलै १८२८ ला सुरू झालं. बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचाही मुहूर्त नेमका त्याच दिवशी झाला, तिथेच खरं तर कालवा हरला. तो पश्चिम मेरीलँडमधल्या कंबरलंडला पोचला १८५० मध्ये, रेल्वे आठ वर्षं आधीच पोचली होती. तरी १९२४ पर्यंत रखडत चालला. पुढे त्याच्या जागी मोटारींचा रस्ता करायचं घाटत होतं. वॉशिंग्टन पोस्टने रस्त्याची बाजू घेतली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांनाच ‘माझ्याबरोबर चालून बघा’ असं आव्हान दिलं. मार्च १९५४ मध्ये कंबरलंडहून निघाले. पुरी वाट चाललेले शेवटी नऊच उरले. पण रस्ता झाला नाही, आणि १९७१ मध्ये कालव्याचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. तेव्हा सपाट वाटेला कमी लेखू नका.

काका, कॅनव्हास नको. सावलीत अजून बर्फ आहे.

बेथेस्डाचे काका, रविवार संध्याकाळी

मंडळी, आधी कबुली देतो, म्हणजे कोणी दुसरं सांगायला नको. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा बसलो, तेही स्वतःच्या इच्छेने नाही. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण कोरडा असला की पाय धरून ठेवतो. इथला दगड नदीने घासून गुळगुळीत केलेला, त्यावर पहाटेच्या दवाचा काचेसारखा पापुद्रा. नळीच्या वाटेचं नाव मी यापुढे या ईमेल-यादीवर काढणार नाही.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. कड्याच्या अलीकडे ती जागा लागते, पॉटहोल अ‍ॅली. मी तिथे थांबलो आणि मागची पोरं माझ्यावर आदळली. निघोज! माझं आजोळ पारनेर तालुक्यातलं. लहानपणी मळगंगेच्या जत्रेला गेलं की कुकडीतले रांजणखळगे बघायला पळायचो. इथे तस्सेच, गोल, आतून घोटलेले. भोवऱ्यात सापडलेले गोटे फिरून फिरून दगड पोखरतात. आजी म्हणायची, देवीचे रांजण आहेत, आत वाकू नको.

फरक एवढाच की निघोजला पाणी खळग्यांच्या पायाशीच असतं. इथे खळगे वर कोरडे आणि पोटोमॅक कितीतरी खाली, कड्याच्या बुडाशी. म्हणजे एकेकाळी नदी मी उभा होतो तिथून वाहत होती, आणि नंतर कापत कापत खाली गेली. त्या घळीला मॅदर गॉर्ज म्हणतात. भूशास्त्रवाले सांगतात की ती बरीचशी गेल्या ३५,००० वर्षांत कापली गेली. दगडाच्या हिशेबात हे कालपरवाचं. अशा खळग्यात हात घालून बघितला, तळाशी गाळ, सुकी पानं आणि कोणीतरी टाकलेली चॉकलेटची चांदी. ती खिशात घालून आणली.

कडा चढताना सहल समितीच्या पोरीने माझा डावा पाय धरून खाचेत ठेवला. धन्यवाद गं. बूट आज दुपारी घेतले.

जर्मनटाऊनच्या काकू, रविवार रात्री

काका, तुम्ही वर देवीचे रांजण बघत होतात तेव्हा आम्ही वाइडवॉटरपाशी बसून सांजा खात होतो. कालवा तिथे एकदम तळ्याएवढा रुंद होतो. नदीचंच जुनं पात्र त्यांनी आयतं वापरून घेतलं, म्हणजे खोदाई वाचली. शहाणे लोक. काठावर एक राखाडी बगळा चाळीस मिनिटं एका पायावर. नातू विचारत होता, बॅटरी संपली का?

आणि ओलसर कडेला जांभळट, ठिपक्यांचे कोंब वर आलेले दिसले. इथे त्याला स्कंक कॅबेज म्हणतात. कोबीशी काही संबंध नाही, अळू-सुरणाच्या घराण्यातलं आहे. हे फूल स्वतःच गरम होतं आणि भोवतीचा बर्फ वितळवतं. पान चुरगळलं तर वास असा येतो की सूनबाईने गाडीच्या काचा उघडायला लावल्या. कोणी ‘बघू या वडी करून’ म्हणालं होतं, त्यांनी कृपया करू नये.

हिरव्या झाकणाचा स्टीलचा डबा आमच्या डिकीत राहिलाय. आत दीड थालीपीठ होतं, ते संपलं. डबा पुढच्या बैठकीला आणते.