'कुलकर्णी' की 'कुळकर्णी'? आणि 'तलाठी' चालेल का?

रेवा_द
एका इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद करतेय. काळ पेशवाईच्या शेवटच्या वर्षांचा, जागा पुणे प्रांतातलं एक खेडं. गावचा हिशेब लिहिणारा माणूस त्यात वारंवार येतो. मी सगळीकडे 'कुलकर्णी' लिहिलं होतं, संपादकांनी ते खोडून 'तलाठी' केलंय. त्यांचं म्हणणं असं की आजच्या वाचकाला कुलकर्णी हे आडनावच वाटणार. "कुलकर्णी आला आणि त्याने दप्तर सोडलं" असं वाचलं की हा कोण कुलकर्णी, मागे येऊन गेलाय का, म्हणून तो पानं उलटत बसेल. मुद्दा खोटा नाही, पण तलाठी मला फार खुपतोय. जाणकारांनी सांगावं. शिवाय कुलकर्णी की कुळकर्णी, तेही.

जुनं_दप्तर
तलाठी अजिबात नको. तलाठी म्हणजे सरकारी पगारदार, आज इथे तर उद्या बदली होऊन तिथे. कुलकर्णी वतनदार होता, पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावचा. गावाला पाटील आणि कुलकर्णी, परगण्याला देशमुख आणि देशपांडे, अशी ती जोडी असायची. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतनं बंद करून तलाठी नेमले, ते हा फरक होता म्हणूनच. मुंबई राज्यात उरलीसुरली वतनं १९५० च्या कायद्याने गेली. पेशवाईतल्या गावात तलाठी बसवला तर वतनाची सगळी भांडणंच पुस्तकातून निघून जातील.

आणि रूप 'कुळकर्णी' हेच बरोबर. वतनाचं नाव 'कुळकर्ण'. जुन्या कागदांत पाटीलकीच्या शेजारी तेच असतं. 'कुलकर्णी' हे नंतरचं संस्कृत वळण. कूळ म्हणजे घराणं, असं समजून कुणीतरी ळ चा ल केला, इथेच अर्थाचा घात झाला.

ओंकार_भ
दादा, माझं आडनाव कुलकर्णी. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून आजपर्यंत ल आहे. तुम्ही एका वाक्यात आमच्या चार पिढ्या अशुद्ध ठरवल्यात. आडनाव जो लावतो तो लिहील तसं, इतकं साधं आहे हे.

जुनं_दप्तर
तुमच्या आडनावाबद्दल मी काहीच म्हणालो नाही. पदाचं नाव आणि आडनाव या दोन गोष्टी आहेत. रेवाताईंना पद लिहायचंय.

वऱ्हाडी_पाखरू
नागपूरकडे अजूनही कितीतरी दारांवर 'कुळकर्णी' अशीच पाटी दिसते. कुणी मुद्दाम जपलंय असं नाही, तोंडात तेच बसलंय.

मैत्रेयी_ध
माझं सासर धारवाडचं. तिकडेही दर दोन घरांआड कुलकर्णी, आणि ते घरी कन्नड बोलतात. खाली म्हैसूरकडे याच कामाला शानभोग म्हणतात. कन्नडात 'कुळ' म्हणजे नांगराचा फाळ. 'भारी कुळ' म्हणजे पैसेवाला माणूस, जसं आपण मातबर कूळ म्हणतो. मला तर वाटतं हा शब्द फाळापासूनच निघाला. ज्याचा फाळ जमिनीत चालतो तो कूळ, त्याची नोंद ठेवणारा कुळकर्णी. आपलं कुळव हे अवजारही याच घरातलं असणार.

अभ्यंकर_नव्हे
इतकं लांब कशाला जायचं? 'कुल' म्हणजे सगळं. कुलमुखत्यार, कुल अखत्यार. गावाची सगळी करणी ज्याच्या हातात तो कुलकर्णी. दरबारी कारभारात फारसी-अरबी शब्द किती आहेत बघा: फडणीस, चिटणीस, पोतनीस.

जुनं_दप्तर
फडणीसमधला 'नीस' फारसी, हे मान्य. पण अरबी 'कुल' मराठीत आला तो ल घेऊनच. कुळमुखत्यार असं कुणी म्हटलेलं ऐकलंय का? मग एकट्या कुळकर्णीतच ळ कुठून आला? मैत्रेयीताईंचा फाळ मला पटला असं नाही, पण त्यांनी कूळ जमिनीकडे नेलं ते योग्य दिशेने. कूळ म्हणजे सारा भरणारा शेतकरी. कुळवार आकारणीत तोच अर्थ. महात्मा फुल्यांनी १८६९ च्या पोवाड्यात शिवाजी महाराजांना कुळवाडीभूषण म्हटलं, तिथेही कुळवाडी म्हणजे शेतकरीच.

दुसरा भाग 'करण'. करण म्हणजे लेखन, दप्तर. यादवांकडे हेमाद्री श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. आंध्रात गावच्या लेखनिकाला करणम म्हणत. ते पद एन. टी. रामाराव सरकारने १९८४ साली काढलं. आपल्याकडचं कर्णिक हे आडनावही याच करणातलं. म्हणून कुळकरणी म्हणजे कुळांचं दप्तर लिहिणारा. वंश, कुलदैवत, कुलाचार यांच्याशी याचा काही संबंध नाही.

ओंकार_भ
हे मात्र मला नवीन आहे. घरी कायम 'कुळाची कर्तव्यं करणारा' असंच ऐकलंय.

तळकोकणी
गोव्यात गावकरीचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा, हिशेब लिहिणारा तो कुळकर्णी. तिथे तो शब्द आजही आडनावापेक्षा कामाचा म्हणून कळतो. वर रत्नागिरीकडे मात्र गावचा वसूल खोताकडे असायचा, म्हणून आमच्या पट्ट्यात खोत हे आडनाव भरपूर आणि कुलकर्णी त्या मानाने थोडे.

गोदाकाठ
मराठवाड्यात निजामाच्या राज्यात यालाच पटवारी म्हणत. आमचं आडनाव कागदावर कुलकर्णी, पण गावात आजोबांना मरेपर्यंत 'पटवारी' अशीच हाक होती. काकांच्या मुलांनी तेच आडनाव लावलं. सख्खे चुलतभाऊ, आडनावं दोन.

स्नेहल_प
मला एक विचारायचंय. इतके कुलकर्णी आहेत ते सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात का? माझ्या वर्गात पाच होते. सिनेमात तर सोनाली कुलकर्णीच दोन आहेत.

जुनं_दप्तर
नाही लागत. गावागणिक एक कुलकर्णी, म्हणजे आडनावाचा उगमच हजारो जागी. म्हणून गोत्रं वेगळी, पोटजातीसुद्धा वेगळ्या. देशस्थ सर्वात जास्त, पण कऱ्हाडे, सारस्वत, कायस्थ प्रभू यांच्यातही हे वतन होतं. कित्येक घरांचं मूळ आडनाव वेगळंच असतं. समर्थ रामदासांचं घराणं जांबचं कुलकर्णी, आडनाव ठोसर. ज्ञानेश्वरांचे पूर्वज आपेगावचे कुलकर्णी. वतन विकलं जाई, भावांत वाटलं जाई, आणि ज्याने कधी लेखणी हातात धरली नाही तो भाऊही कुलकर्णीच म्हणवून घेई.

माळरान
इथे सगळे वतनाबद्दल बोलताहेत, कुळाबद्दल कोणी बोलत नाही. आमची शेती पिढ्यान्‌पिढ्या होती, पण अक्षर कुणाला येत नव्हतं. आजी 'कुळकर्णी' हा शब्द आवाज खाली आणून उच्चारायची. त्याच्या मोडीत काय लिहिलंय ते आम्हाला कळायचं नाही आणि अंगठा मात्र आमचाच उठायचा. फुल्यांनी भट-कुळकर्ण्यांवर एवढं लिहिलं ते उगाच नाही. कोल्हापूरच्या त्या निर्णयामागेही हेच होतं. रेवाताई, तलाठी लिहिलंत तर हा सगळा धाक जाईल. कुळकर्णीच ठेवा, ळ ठेवून.

ओंकार_भ
माळरान, तुमचा राग समजतो. पण सगळे कुलकर्णी तसे नव्हते. माझ्या खापरपणजोबांनी दुष्काळात गावासाठी तगाई आणली होती.

माळरान
असतील. मी माणसाबद्दल बोलत नाहीये, त्या लेखणीच्या जागेबद्दल बोलतोय. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चांगला आणि वाईट कुळकर्णी यांतला फरक फक्त नशिबाचा होता.

रेवा_द
माळरान, मनापासून आभार. माझ्या पुस्तकात नेमका असाच एक प्रसंग आहे, अंगठ्याचा. पण संपादकांची अडचण उरतेच. वाचकाने आडनाव समजू नये यासाठी काय करू? "गावचा कुळकर्णी" असं प्रत्येक वेळी लिहिलं तर जड होतंय.

वऱ्हाडी_पाखरू
पहिल्यांदा 'गावचा कुळकर्णी' लिहा, पुढे नुसतं कुळकर्णी. आणि जमेल तिथे पाटलाच्या जोडीने आणा. 'पाटील-कुळकर्णी' म्हटलं की आडनाव कुणाला वाटत नाही. आमच्याकडे भोसल्यांच्या राज्यात या माणसाला पांड्या म्हणत, तो शब्द वापरता आला असता तर प्रश्नच मिटला असता. देशपांडे म्हणजे देशाचा पांड्या.

अभ्यंकर_नव्हे
देशपांडेतला पांडे आणि उत्तरेतला पांडे एकच ना? पंडितपासून आलेला?

वऱ्हाडी_पाखरू
हिशेब लिहिणारा आणि शास्त्र सांगणारा एका शब्दात कसे बसतील?

मैत्रेयी_ध
बसतील की. जोशी नाही का, ग्रामजोशीही वतनदार आणि ज्योतिषीही. माझ्या सासऱ्यांना विचारते, त्यांच्याकडे जुने कागद आहेत, त्यात एक पांडेपणाचा उल्लेख आहे असं ते म्हणाले होते.

जुनं_दप्तर
कागद मिळाले तर फोटो नक्की टाका. मोडी असेल तर मी वाचून देतो.