खानदेशात मोटारसायकलचा भरवसा कशावर ठरवावा: कंपनीच्या नावावर की तालुक्याच्या गॅरेजवर?

रावेरकर

मोटारसायकलींच्या भरवशाची चर्चा बहुधा पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरून होते आणि तिचे निष्कर्ष आपण तापीकाठच्या शिवाररस्त्यांना लावून मोकळे होतो. माझे म्हणणे असे, की रावेर, यावल, चोपडा किंवा शहादा भागात गाडी घेणाऱ्याने कोणती गाडी कमी बिघडते यापेक्षा कोणती गाडी बिघडल्यावर त्याच दिवशी तालुक्याच्या गावी पुन्हा चालू होते, हे आधी पाहावे. या कसोटीवर हिरोच्या स्प्लेंडरला तोड नाही. तिचे ९७.२ सीसीचे इंजिन हिरो होंडाच्या १९८५ सालच्या सीडी १०० या गाडीच्या घडणीतून आलेले आहे. १९९४ साली स्प्लेंडर आली, २०१० च्या अखेरीस हिरो आणि होंडा यांनी वेगळे होण्याचे जाहीर केले, तरी क्लच प्लेटा, चेन-स्प्रॉकेट, क्लचची वायर, ब्लॉक-पिस्टन हे सारे आजही कोणत्याही बाजारगावच्या दुकानात सहज मिळते. त्यात तिची चेन पूर्ण झाकलेली. पावसाळ्यात केळीच्या बागेतून उघड्या चेनीची गाडी काढणाऱ्याला या एका गोष्टीची किंमत कळते. पल्सर, अपाची किंवा बुलेट वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पण ज्या घरात एकच गाडी आहे आणि तिच्यावरच दूध, खत व शाळेची मुले यांची ने-आण आहे, त्या घराने त्या घेऊ नयेत.

पांझराकाठ, धुळे

रावेरकर भाऊ, बिघडलेली गाडी लवकर दुरुस्त होते हा तिचा गुण मान्य. पण तेवढ्याने ती न बिघडणाऱ्या गाडीपेक्षा श्रेष्ठ ठरत नाही. सुटे भाग सर्वत्र मिळतात ते गाडी भरपूर खपते म्हणून. त्यात इंजिनाचे कौतुक कसले? शिवाय आपण शिवाररस्ता धरून बसला आहात. धुळ्याहून शिरपूरमार्गे सेंधव्याकडे ट्रकांच्या रांगेतून जाणाऱ्या माणसाचा विचार करा. सुमारे आठ अश्वशक्तीचे इंजिन तासन्‌तास ताशी सत्तरच्या वर ठेवले, की ते आपल्या मर्यादेजवळच फिरत राहते. तोच वेग चौदा अश्वशक्तीची १५० सीसीची गाडी निवांत राखते. कमी ताणावर चालणारे इंजिन जास्त टिकते, हे कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीविना समजण्यासारखे आहे. पल्सर २००१ सालापासून बाजारात आहे. तिच्या सुट्या भागांसाठी खानदेशात कोणाला आठवडाभर थांबावे लागले असेल, असे मला वाटत नाही.

गॅरेजवाला, चाळीसगाव

आपण दोघेही कंपन्यांवर भांडत आहात, म्हणून माझ्या ओट्यावर येणाऱ्या गाड्यांवरून दोन गोष्टी सांगतो. इंजिन खोलायची वेळ येते ती बहुतेक वेळा ऑईल आणि एअर फिल्टर यांच्यामुळे, मग टाकीवर नाव कोणाचेही असो. हिरो आणि होंडाच्या लहान गाड्यांना १०डब्ल्यू३० हे पातळ ऑईल लागते, बजाजच्या पल्सरला २०डब्ल्यू५०, रॉयल एनफिल्डला १५डब्ल्यू५०. आपल्याकडे मात्र अनेक ठिकाणी एकाच डब्यातले २०डब्ल्यू४० सगळ्यांना पाजले जाते, आणि वर कारण सांगितले जाते, की जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा जाडच ऑईल बरे. उन्हाचा मुद्दा अगदीच खोटा नाही. परंतु ज्या इंजिनाच्या ऑईलवाटा पातळ ऑईलसाठी आखल्या आहेत, त्यात जाड ऑईल गाडी चालू करताना वरच्या कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) उशिरा पोहोचते आणि झीज तिथेच होते.

दुसरी गोष्ट फिल्टरची. होंडाच्या अनेक गाड्यांत तेलाचा लेप दिलेला कागदी फिल्टर असतो. तो साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. काही जण त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारतात, लेप जातो, उन्हाळ्याची धूळ थेट आत शिरते, पिस्टनच्या रिंगा जातात, आणि गिऱ्हाईक गावभर सांगते की या कंपनीचे इंजिनच कच्चे. हा दोष कंपनीच्या माथी मारणे योग्य नाही. चिखलाबाबत मात्र रावेरकर अर्धेच बोलले. काळी माती पुढच्या मडगार्डखाली दाटते आणि चाक जागीच अडते. त्या बाबतीत स्प्लेंडरही इतर गाड्यांच्याच पंक्तीत बसते.

निवृत्त शिक्षक, अमळनेर

बुलेटचा उल्लेख एका ओळीत उडवून लावलेला पाहून लिहितो आहे. बुलेटविषयीचे बहुतेक आक्षेप ओतीव लोखंडी इंजिनाच्या काळातले आहेत, ज्यात ऑईलची गळती आणि टॅपेटचे (व्हॉल्व्हच्या फटीचे) सेटिंग हा मालकाचा नित्यनेम होता. ते इंजिन बंद होऊन दीड दशक उलटले. रॉयल एनफिल्डच्याच २०२० सालच्या मिटिऑर या गाडीपासून आलेले आणि २०२१ मध्ये तिच्या क्लासिकला मिळालेले नवे इंजिन ही पूर्णपणे निराळी वस्तू आहे. मे २०२१ मध्ये कंपनीने इग्निशन कॉइलमधील संभाव्य दोषामुळे २,३६,९६६ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या, हे आपल्यापैकी कोणीतरी लगेच माझ्यापुढे टाकेल, म्हणून मीच सांगतो. माझ्या मते तो आकडा कंपनीच्या विरोधात जात नाही. दोष आढळल्यावर स्वतःहून जाहीर करणारी कंपनी मला अधिक भरवशाची वाटते. आमच्या घरी पूर्वी दुसऱ्याच एका कंपनीची १२५ सीसीची गाडी होती. तिचे वायरिंग वारंवार जळत असे, आणि प्रत्येक वेळी ‘असा दोष कुठेच नाही’ हेच उत्तर मिळे.

पांझराकाठ, धुळे

मास्तर, कंपनीची सचोटी आणि गाडीचा टिकाऊपणा यांत आपण गल्लत करत आहात. परत बोलावलेली गाडी ही काही झाले तरी सदोष निघण्याची शक्यता असलेली गाडी होती. आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीने गाड्या परत बोलवायला लावण्याची तरतूदही लागू झाली आहे, त्यामुळे यात केवळ औदार्यच आहे असे धरू नये.

सातपुडा पायथा, शहादा

रावेरकरांची सगळी मांडणी कार्बोरेटरच्या काळातली आहे, याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि स्प्लेंडरलाही कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन (संगणकाच्या हिशेबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आले. जुन्या गाडीची बॅटरी मेली तरी किक मारून घरी येता येत होते. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत बॅटरी पूर्ण उतरली, की पेट्रोलचा पंपच चालत नाही आणि किक निरुपयोगी ठरते. चेक इंजिनचा दिवा लागला, तर दोष वाचणारा स्कॅनर नसलेला मिस्त्री अंदाजानेच काम करतो. म्हणजे ‘त्याच दिवशी चालू’ ही कसोटी धडगाव किंवा अक्कलकुव्यात आज स्प्लेंडरही पूर्वीइतकी सहज पार करणार नाही. याच्या उलट बाजूही आहे: तोरणमाळचा घाट चढताना इंजेक्शनची गाडी हवेच्या बदलाशी स्वतः जुळवून घेते, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तरी कार्बोरेटरचे जेट (पेट्रोलचे बारीक छिद्र) चोंदण्याची भीती नसते.

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचाही विचार व्हावा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून २० टक्के मिश्रणात ॲव्हरेज थोडे घटणारच; तो कोणत्याही कंपनीचा दोष नव्हे. पण जुन्या गाड्यांचे रबरी नळ आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, त्यामुळे २००५ ची एक गाडी आणि २०२४ ची दुसरी शेजारी ठेवून कंपन्यांची तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही.

रावेरकर

बॅटरीचा मुद्दा वजनदार आहे; तरीही माझी कसोटी मी सोडत नाही, कारण ज्या गाडीच्या सर्वाधिक प्रती रस्त्यावर असतात तिच्याचसाठी तालुक्याचा मिस्त्री आधी स्कॅनर विकत घेतो. पांझराकाठ यांनी मांडलेला महामार्गाचा हिशेब त्यांच्या प्रवासासाठी बरोबर आहे. आमच्याकडे मात्र गाडी रोज दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, मागे दुधाच्या दोन कॅना बांधून चालते. तिथे चौदा अश्वशक्तीतली निम्मी बसूनच राहते आणि पेट्रोलचा खर्च तेवढा वाढतो.

गॅरेजवाला, चाळीसगाव

रावेरकर भाऊ, कॅना बांधत असाल तर इंजिनाआधी मागचे शॉकअप आणि चाकाचे बेअरिंग जाईल, आणि ते कोणत्याही कंपनीचे जाईल. स्पोकच्या तारा दर सर्व्हिसिंगला आवळून घ्या.