डेमोत आपलं चलान भरायला लावा

ईआरपीचा, म्हणजे कारखान्याचा साठा, खरेदी, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा डेमो आवडला, सही करू का, असं विचारलंय. थांबा जरा. हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात आम्हीही रंगीत आलेखांवरच भाळलो होतो. पुढे जॉबवर्क देऊन, म्हणजे आपला माल बाहेर पाठवून त्यावर काम करून घेऊन उत्पादन वाढवायचं होतं, पण डेमोत ते कुणी विचारलंच नाही! जीएसटीत जॉबवर्कला गेलेला कच्चा माल १ वर्षात परत यावा लागतो. नाहीतर पाठवल्या दिवसापासून पुरवठा धरून कर बसतो. आमच्या ईआरपीतून माल पाठवल्याचं चलान निघायचं, पण अर्धा माल परत आला की उरलेला कुणाकडे, ते दिसायचंच नाही. शेवटी स्टोअरवाले भाऊ लाल वहीत लिहायचे. तुमचं सगळ्यात किचकट चलान घ्या, डेमो देणाऱ्यांना तुमच्यासमोरच सॉफ्टवेअरमध्ये भरायला लावा. आणि हो, उलाढाल ५ कोटींवर असेल तर ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) त्यातूनच निघतं का, तेही बघा.