पिशवीवर कर लावायचा आणि त्यातून घरं बांधायची म्हणे!

खडूसराव
काल मधलाबेंच यांचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यात किडा वळवळत राहिला. लेखाचा सारांश एवढाच की दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर कर लावा, तो सगळा पैसा परवडणाऱ्या घरांसाठी राखून ठेवा, म्हणजे प्लास्टिकही कमी होईल आणि गरिबाला घरही मिळेल, एका दगडात दोन पक्षी. खाली सगळे वा वा करून मोकळे. मी तिथे दोन ओळी टंकायला बसलो आणि आवरेचना, म्हणून वेगळा धागा.

अहो, कर नीट चालला तर लोक पिशवी घेणं सोडतात. लोकांनी सोडलं की पैसा आटतो. पैसा आटला की घरं कशातून बांधणार? आणि घरं बांधायचीच असतील तर पिशव्या खपत राहायला हव्यात. म्हणजे गृहनिर्माण खात्याचा साहेब मनात म्हणणार, देवा, लोकांना घरून पिशवी आणायची बुद्धी देऊ नकोस.

हवेतलं बोलत नाहीये. आयर्लंडने २००२ मध्ये पिशवीमागे १५ सेंट लावले. त्याआधी माणशी वर्षाला ३२८ पिशव्या जायच्या, त्या २१ वर आल्या. आता गुणाकार करा. जुन्या खपावर माणशी ४९ युरो, लोकसंख्या ढोबळ ४० लाख धरली तर जवळपास २० कोटी युरो. एक घर समजा २ लाख युरोला पडलं (आकडा मीच धरलाय, सोयीसाठी) तर वर्षाला ९८० घरं. पण २१ पिशव्यांवर हिशोब केला की माणशी तीन युरो आणि थोडी चिल्लर, सव्वा कोटी, आणि घरं ६३. अख्ख्या देशात. लेखातलं स्वप्न ९८० चं आहे, मिळणार ६३.

आयरिश लोक शहाणे, त्यांनी तो पैसा पर्यावरण निधीत टाकला. वॉशिंग्टन डीसीने २०१० पासून ५ सेंट घ्यायला सुरुवात केली, तो पैसा ॲनाकोस्टिया नदीच्या सफाईकडे वळवला. पिशव्या कमी, नदीत घाण कमी, खर्चही कमी. हे जुळतं. घरांचं कुठे जुळतं?

आणि भरणार कोण हा कर? गाडीवाल्याच्या डिकीत पिशव्या पडलेल्याच असतात. कामावरून सुटून पायी घरी जाताना दोन वस्तू घेणारा माणूस पिशवी विसरतो आणि तोच भाड्याने राहतो. त्याच्याच खिशातून काढून त्यालाच घर देणार!

मधलाबेंच
माझ्यावर स्वतंत्र धागा काढल्याबद्दल आभार, एवढा मान घरात पण मिळत नाही.

लेख पूर्ण वाचला असतात तर दिसलं असतं की मी 'फक्त याच पैशातून' असं कुठेही लिहिलेलं नाही. हा निधीतला एक झरा असेल. आणि ६३ घरं ६३ घरं म्हणून काय चेष्टा करताय, दरवर्षी ६३ कुटुंबं होतात ती, त्यांना जाऊन सांगा की तुमचा आकडा खडूसरावांना लहान वाटतो. कर वाढवताही येतो. तुमच्याच आयर्लंडमध्ये खप परत माणशी तीस पिशव्यांपलीकडे चढला तेव्हा २००७ ला २२ सेंट केला की नाही? तो आकडा बरा गाळलात.

राहता राहिला 'जुळत नाही' हा मुद्दा. व्हिएन्नाने पहिल्या महायुद्धानंतर शॅम्पेन, घोडे, घरगडी असल्या गोष्टींवर कर लावले आणि कामगारांसाठी साठ हजारांच्या वर घरं उभी केली. शॅम्पेनचा आणि घराचा काय संबंध होता हो?

आकडेमोड
मधलाबेंच, व्हिएन्ना काढलंत ते बरं झालं, पण अर्धंच काढलंत. घरांचा खास कर होता १९२३ चा गृहबांधणी कर, ह्यूगो ब्राइटनर नावाच्या अर्थप्रमुखाने आणलेला, आणि तो राहत्या जागांवरच होता, चढत्या दराने. सगळ्यात महागड्या अर्धा टक्का जागांकडून जवळपास ४५ टक्के वसुली. म्हणजे बंगलेवाल्याने भरलं आणि कामगार राहायला गेला. तुमची पिशवी नेमकी उलटी आहे, बंगलेवाला आणि झोपडीवाला दोघांना सारखाच कर. शॅम्पेनशेजारी पिशवी बसवताय राव.

अजून एक. २०१६ ला कॅलिफोर्नियात पिशवीबंदीवर सार्वमत झालं, प्रपोझिशन ६७. त्याच मतपत्रिकेवर प्रपोझिशन ६५ पण होतं, की पिशवीचे पैसे दुकानदाराला न जाता पर्यावरणाच्या निधीत जावेत. ऐकायला काय गोड! त्यामागे पैसा होता प्लास्टिक पिशव्या बनवणाऱ्यांच्या संघटनेचा. लोकांनी ६७ पास केलं, म्हणजे बंदी कायम ठेवली, आणि ६५ पाडलं. तेव्हापासून कुणी पिशवीच्या पैशाला उदात्त पत्ता लावला की मी आधी बघतो पाकीट कुणी पाठवलंय.

मधलाबेंच
म्हणजे मी आता प्लास्टिक कंपन्यांचा दलाल? मस्त.

सरळरेषा
तुमचं व्हिएन्ना बिएन्ना चालू द्या, मला एकानेही अजून सांगितलं नाही की पिशवी नाही घेतली तर कचऱ्याच्या डब्यात काय घालायचं? आमच्याकडे दुकानातली एकही पिशवी वाया जात नाही, सगळ्या डब्यात जातात. म्हणजे मी आधी फुकटच्या पिशवीत कचरा टाकायचो, आता विकतच्या काळ्या पिशवीत टाकणार, आणि ती जाडपण असते. पर्यावरण कुठे वाचलं यात?

झोळीवाली
सरळरेषा, डब्यात काहीच घालू नका. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, डबा रोज धुवा. मी कित्येक वर्षं हेच करतेय, मेले नाही अजून.

सरळरेषा
रोज डबा धुवायला पाणी कुठून आणायचं ते पण सांगा ताई. आमच्या मजल्यावर पाणी कधी येतं हे आम्हालाच माहीत नसतं.

आकडेमोड
सरळरेषांचं बोलणं चिडखोर आहे पण खोटं नाही. कॅलिफोर्नियातल्या पिशवीबंदीवर २०१९ ला एक अभ्यास आला. दुकानी पिशव्यांतलं साधारण ४ कोटी पौंड प्लास्टिक कमी झालं, आणि कचऱ्याच्या पिशव्यांचा खप वाढून १ कोटी २० लाख पौंड परत आलं. छोट्या डब्याच्या पिशव्या तर दुपटीपेक्षा जास्त खपल्या.

झोळीवाली
म्हणजे ४ मधून १.२ गेले तरी २.८ कोटी वाचले ना? आकडे तुम्हीच द्यायचे आणि वजाबाकी आम्ही करायची!

सरळरेषा
बरं कापडी झोळीचं काय? डेन्मार्कच्या सरकारी अभ्यासात (२०१८) सेंद्रिय सुती पिशवी २०,००० वेळा वापरली तर पर्यावरणाच्या नुकसानीत ती प्लास्टिकच्या बरोबरीला येते म्हटलंय. रोज एकदा नेली तरी जवळपास ५५ वर्षं. झोळीवाली ताई, तुमच्या झोळीचं वय काय?

झोळीवाली
माझ्या झोळीचं वय विचारायच्या आधी तो अभ्यास स्वतः वाचा, फॉरवर्ड नका वाचू. २०,००० हा आकडा सगळे निकष धरून आहे, आणि तो एवढा फुगतो तो ओझोनचा थर विरळ होण्याच्या निकषामुळे. फक्त हवामानबदलाचा निकष धरला तर सेंद्रिय सुतीला १४९ वेळा आणि साध्या सुतीला ५२. माझी झोळी जुन्या चादरीची आहे, तिच्यासाठी कुणी कापूस पिकवला नाही. आणि प्लास्टिक नाल्यात अडकून पाणी तुंबतं त्याचा निकष त्या तक्त्यात कुठे आहे? बांगलादेशाने २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी आणली ती पुरात गटारं तुंबत होती म्हणून, हौस म्हणून नाही. बसा मोजत.

गल्ल्यावरची
मी दुकानात गल्ल्यावर बसते. तुम्ही सगळे इथे करावर भांडताय, प्रत्यक्षात शिव्या मी खाते. पिशवीचे वेगळे पैसे मागितले की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं जसं काही मीच त्याच्या खिशात हात घातलाय. एकाने तर सगळं सामान गल्ल्यावर ओतलं आणि म्हणाला, ने तुझी पिशवी. मालक आतल्या खोलीत, तो बाहेर येत नाही असल्या वेळेला.

आणि दुकानदार ते पैसे पुढे देतो का, हे कोण बघतं? इंग्लंडमध्ये २०१५ पासून ५ पेन्स आणि २०२१ पासून १० पेन्स आहेत, पण तो कर नाहीच, पैसे दुकानाकडेच येतात आणि त्यांनी ते सत्कार्याला द्यावेत अशी अपेक्षा असते. अपेक्षा! माझ्या मालकाकडून मी पण बऱ्याच अपेक्षा करते.

तरीपण सांगू का, मला कर चालेल. मी स्वतः एका खोलीत चौघींबरोबर राहते. फक्त बिलावर छापा की हे पैसे कुठे जातात, म्हणजे मला तोंड द्यायला काहीतरी असेल.

खडूसराव
गल्ल्यावरची ताई, मालकाबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे, पण बिलावर छापून काय होणार? तुम्ही म्हणाल 'घरांसाठी', वरून सरकार त्याच वर्षी घरांच्या जुन्या अनुदानातून तेवढीच रक्कम हळूच काढून घेईल. अमेरिकेत लॉटरीचा पैसा शिक्षणाला म्हणून जातो आणि नेहमीचं अनुदान तिकडून पातळ होतं ही रड जुनीच आहे. राखीव निधी म्हणजे सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात.

भाडेकरू_कायमचा
वाचतोय मघापासून आणि हसू येतंय. डबा धुवायचा की नाही यावर घराच्या प्रश्नापेक्षा जास्त शाई गेली.

घर बदलणं काय असतं ते मला विचारा. मालकाला पुतण्याचं लग्न आठवतं आणि आपल्याला महिन्याची मुदत मिळते. अर्धा संसार याच पिशव्यांत कोंबून टेम्पोत टाकलाय मी, कपडे एकीत, भांडी दुसरीत, कागदपत्रं छातीशी धरून. मागच्या वेळी सोडलेल्या घराला नंतर कुलूपच होतं, पुतण्या नाही की कुणी नाही. मालक म्हणे भाव वाढायची वाट बघतोय.

तेव्हा कर लावायचा तर त्या कुलपावर लावा. कॅनडातल्या व्हँकुव्हरने २०१७ पासून रिकाम्या घरांवर लावलाय, सुरुवातीला मूल्यांकनाच्या १ टक्का, नंतर ३ टक्के, आणि तो पैसा परवडणाऱ्या घरांकडेच जातो.

मधलाबेंच
हो का! आणि कर चुकवायला लोकांनी घरं भाड्याने दिली की तिथेही पैसा आटणारच की. मग खडूसरावांचं ते थोर तत्त्व तिथे लागू नाही?

भाडेकरू_कायमचा
आटू दे की! पैसा आटला याचाच अर्थ कुलूप निघालं आणि आत कुणीतरी राहायला गेलं. घर मिळालंच ना. तुमच्या पिशवीत पैसा आटला तर हातात काय उरतं? कमी पिशव्या. चांगली गोष्ट आहे, पण त्यात झोपता येत नाही.

खडूसराव
भाडेकरू, मी आठशे शब्दांत जे सांगत होतो ते तुम्ही चार वाक्यांत मारलंत, त्याबद्दल थोडा राग आहे.

मधलाबेंच
झालं समाधान? ठीक आहे. पिशवीचा कर नदीनाल्याला द्या, घरांसाठी रिकाम्या फ्लॅटवर लावा. पण लिहून ठेवा, रिकाम्या फ्लॅटवाल्यांवर कर लावायची कुणाची छाती होणार नाही कारण कायदा करणाऱ्यांचेच फ्लॅट रिकामे असतात. शेवटी सोपा कर पिशवीचाच, आणि मी तेवढंच म्हणत होतो, जे होऊ शकतं ते आधी करा. ६३ तर ६३.

आकडेमोड
'जे होऊ शकतं ते' म्हणजे जो ओरडू शकत नाही त्याच्यावर. पण ६३ हे ० पेक्षा जास्त, एवढं मान्य. पहिल्या पाच वर्षांपुरता पैसा घरांना आणि पुढे आपोआप बंद, असं कलम कायद्यातच घाला, म्हणजे कुठलं खातं पिशव्यांवर जगायला शिकणार नाही. यावर मी हो म्हणेन. नाखुशीने.

गल्ल्यावरची
आणि मालकाकडून वसुली दर महिन्याला, वर्षाच्या शेवटी नाही. वर्षाच्या शेवटी तो दुकानाचं नाव बदलतो.

सरळरेषा
सगळ्यांचं एकमत होतंय वाटतं. अभिनंदन. डब्याचं राहिलंच.

झोळीवाली
वर्तमानपत्र घाला हो डब्यात!

सरळरेषा
पेपर बंद केला, मोबाईलवर वाचतो. झाडं वाचावीत म्हणून.