पायथन रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधायची पद्धत): 'चादर'चे 'च' आणि 'दर' असे तुकडे का पडतात?

नमस्कार मंडळी,
सोलापुरात चाटी गल्लीत मामांचं चादरी-टॉवेलचं होलसेल दुकान आहे. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. चॅट एक्स्पोर्ट करून माल आणि नग वेगळे काढणारी पायथन स्क्रिप्ट लिहितोय. मेसेज साधारण असे:

जेकार्ड चादर २५ नग, टॉवेल 10 डझन. दर कळवा

आकड्यांचा त्रास नाही. बॅकस्लॅश-डीला (अंक शोधणारी खूण) २५ही कळतात आणि 10ही. घोडं अडलंय शब्दांपाशी. बॅकस्लॅश-डब्ल्यू (शब्दातली अक्षरं शोधणारी खूण) प्लस देऊन, सगळे जुळणारे तुकडे काढणारं फाइंडऑल चालवलं की चादर आणि टॉवेलचं हे होतं:

['च', 'दर']
['ट', 'व', 'ल']

त्याहून वाईट म्हणजे, भाव विचारणारे मेसेज बाजूला काढायला दोन्हीकडे बॅकस्लॅश-बी (शब्दाची सीमा दाखवणारी खूण) लावून 'दर' शोधला, तर चादरीची एकूण एक ऑर्डर त्यात आली. मामा म्हणाले, "काय बे, सगळेच दर विचारायला लागलेत?"

फाइल यूटीएफ-८ आहे, प्रिंट केल्यावर अक्षरं नीट दिसतात. सध्या [ऀ-ॿ]+ म्हणजे देवनागरीच्या सगळ्या चिन्हांच्या पट्ट्यावर भागवलंय, पण त्यात २५ सुद्धा शब्द म्हणून येतो. शिवाय काही गिऱ्हाइकं तेलुगूत लिहितात. नीट उपाय काय?

प्रतिसाद १
एन्कोडिंगचा संबंध नाही. पायथनच्या 're' या अंगभूत मॉड्यूलमध्ये डब्ल्यू म्हणजे अक्षर, अंक आणि अंडरस्कोर, बस. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त युनिकोडमध्ये 'मार्क' गटात मोडतात, त्यामुळे कान्याशी शब्द तुटतो. बीची शब्दसीमाही डब्ल्यूवरूनच ठरते, म्हणून चादरीतला दर सापडला. पिपने (पायथनची मॉड्यूलं बसवणारं साधन) 'रेजेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल टाका. त्याचा डब्ल्यू मार्कही धरतो. नुसते शब्द हवेत, आकडे नकोत, तर त्यात चौकटी कंसात बॅकस्लॅश-पी एल (अक्षरं) आणि बॅकस्लॅश-पी एम (मार्क) द्या. तेलुगूही त्यातच येईल.

प्रतिसाद २
'दुसऱ्या'सारखे शब्द तपासून बघा. काही कीबोर्ड त्यात न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह) घालतात, तो एलमध्येही नाही आणि एममध्येही नाही. कंसात वेगळा द्यावा लागेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. चादर अखंड झाली! झेडडब्ल्यूजे खरंच निघाला, मामांच्याच जुन्या फोनवरून आलेल्या मेसेजांत. आता 'डझन', 'डजन' आणि 'डझ.' हे तिन्ही एकाच पॅटर्नमध्ये बसवावेत की आधी सगळं एकसारखं करून घ्यावं?